एका सुराला एक तार

दावीद राजा वीणा वाजवायचा, असं मराठी बायबल सांगतं. मग ती वीणा आपल्या सरस्वतीच्या हातातल्या वीणेसारखी होती का?

रायगडच्या किनाऱ्यावर हा प्रश्न परका नाही. जहाज फुटून आपले पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, असं बेने इस्राएली समाजाची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवणारी ही माणसं शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. एकोणिसाव्या शतकात त्यांनी बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनंही रचली. मराठीत बोलायचं तर दाविदाच्या हातात वीणाच येणार. पण युरोपातल्या चित्रकारांनी त्याच दाविदाच्या हातात माणसाएवढी उंच हार्प दिली, आणि मूळ हिब्रू शब्द आहे 'किन्नोर'. म्हणजे एका शब्दामागे तीन वेगळी वाद्यं उभी आहेत.

प्रश्नाचं थेट उत्तर 'नाही' असं आहे. पण त्याला एक शेपूट आहे: एके काळी आपली वीणाच हार्पसारखी होती! ती राजाच्या दालनात वाजायची, पुढे तिथून उठून गेली. युरोपात मात्र हार्प उशिरा दिवाणखान्यात आली, तिथून निघाली आणि पुन्हा खोलीत परतली. असं का झालं, ते या प्रकरणात पाहू.

१. हार्प ओळखायची कशी?

तंतुवाद्य समोर आलं की एकच गोष्ट बघायची: तारा पोटावरून जातात की पोटातून निघतात? पोट म्हणजे आवाज मोठा करणारा पोकळ भाग, मग तो भोपळा असो की लाकडी पेटी.

सतार किंवा तंबोऱ्यात तारा पोटावरून, घोडीला टेकून, आडव्या जातात. हार्पमध्ये त्या पोटातूनच निघतात आणि वरच्या वाकड्या मानेपर्यंत चढतात. शिडाच्या होडीत खालून निघून तिरक्या काठीला बांधलेले दोर आठवा, म्हणजे हार्पची बाजू डोळ्यांपुढे येईल. तिसरा प्रकार झोपाळ्याच्या चौकटीसारखा: दोन खांब, वर आडवी दांडी, दांडीपासून तारा खाली येऊन घोडीवरून पोटावर बांधलेल्या. इंग्रजीत याला 'लायर' म्हणतात. बहुतेक अभ्यासक दाविदाचं किन्नोर या घरातलं मानतात.

आकारापेक्षा मोठा फरक सूर काढण्याच्या रीतीत आहे. कोळीवाड्यातल्या हळदीला किंवा गणपतीच्या मिरवणुकीत वाजणारा बेंजो पाहा. टाइपरायटरसारखी पट्टी दाबली की ती तारेवर टेकते, तारेचा वाजणारा भाग आखूड होतो आणि सूर चढतो. म्हणजे तार तीच, पण सूर अनेक. हार्पमध्ये प्रत्येक सुराला स्वतःची तार असते.

इथे एक छोटं गणित करून ठेवू, पुढे लागेल. ताण आणि जाडी तीच ठेवून १०० सेंटीमीटरची तार 'सा' देत असेल, तर ५० सेंटीमीटरला वरचा 'सा' मिळतो. या दोन 'सां'मध्ये पेटीच्या बारा पायऱ्या आहेत. पहिली पायरी, म्हणजे कोमल रे, हवी तर तार सुमारे ९४.४ सेंटीमीटर करायची. साडेपाच सेंटीमीटर कमी केले की सूर एक पायरी वर.

२. भाज्याची वादक आणि नाण्यावरचा राजा

चौल हे आजचं शांत, नारळी-पोफळीचं गाव दोन हजार वर्षांपूर्वी गजबजलेलं बंदर होतं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या नाविक माहितीपुस्तकात ते 'सेमुल्ला' या नावाने येतं. हेच पुस्तक सांगतं, की भडोचला राजासाठी येणाऱ्या मौल्यवान वस्तूंमध्ये चांदीची भांडी, उंची मद्य यांच्याबरोबर गाणारी-वाजवणारी मुलंही असत. पश्चिम किनाऱ्यावर उतरणाऱ्या मालात संगीतही होतं तर.

या किनाऱ्यावरून बोरघाट चढून वर गेलं की कार्ले आणि भाजे ही लेणी लागतात. भाज्याचं एकोणिसाव्या क्रमांकाचं लेणं साधारण इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातलं. त्याच्या ओवरीत हत्तीवर बसलेल्या वीराचं प्रसिद्ध शिल्प आहे; परंपरेने त्याला इंद्र म्हणतात. हत्तीखालच्या गर्दीत नीट पाहिलं, तर एक छोटा दरबार सापडतो. राजा बसलेला आहे, पुढे एक स्त्री नाचते आहे आणि जवळच एक वादक धनुष्यासारखं वाकलेलं वाद्य वाजवते आहे. ती हार्प आहे. भारहूत, सांची आणि अमरावतीच्या शिल्पांतही अशीच वाद्यं दिसतात. त्या काळी 'वीणा' म्हटलं की बहुधा हेच वाद्य डोळ्यांपुढे येई.

या दरबाराचं माप लक्षात घ्या. हजारोंचा जमाव नाही. एक ऐकणारा, एक वाजवणारी, एक नाचणारी. आपल्याकडे फडाची लावणी वेगळी आणि बैठकीची लावणी वेगळी. फडावर आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकावा लागतो, तर बैठकीत भुवई हलली तरी पोहोचते. युरोपात ज्याला 'चेंबर म्युझिक', म्हणजे शब्दशः खोलीतलं संगीत म्हणतात, ते हेच बैठकीचं माप: मोजके वादक, प्रत्येकाचं काम वेगळं, हातात छडी घेतलेला संचालक नाही, सगळे एकमेकांना ऐकत वाजवतात.

चौथ्या शतकात तर राजाच वादक झाला. समुद्रगुप्ताच्या काही सोन्याच्या नाण्यांवर तो परशू किंवा धनुष्य घेऊन उभा आहे. एका प्रकारच्या नाण्यावर मात्र तो पाठ असलेल्या आसनावर निवांत बसून मांडीवरची वीणा छेडतो आहे, आणि ही वीणा धनुष्याकृती आहे. प्रयागच्या स्तंभलेखात हरिषेण कवीने संगीतात त्याने तुंबरू-नारदांनाही लाजवलं, अशी स्तुती केली आहे. स्तुतीतला दरबारी भाग सोडून दिला, तरी राजाला स्वतःला असं दाखवावंसं वाटलं, हे नाणंच सांगतं.

३. सगळ्या तारा तयार असण्याचा फायदा

भरताच्या नाट्यशास्त्रात दोन वीणा महत्त्वाच्या आहेत: सात तारांची 'चित्रा', जी बोटांनी वाजे, आणि नऊ तारांची 'विपंची', जी कोणाने म्हणजे नखीसारख्या साधनाने वाजे. तारांची ही संख्याच सांगते, की एकेका स्वराला एकेक तार होती.

अशा वाद्यावर एक गंमत करता येते. ती घरातल्या पेटीवरही जमते. काळ्या पट्ट्यांना हात न लावता फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवा. पांढरी एकला 'सा' मानून सात स्वर वर गेलात, तर बिलावलचे सूर मिळतात. आता पट्ट्या त्याच ठेवा, फक्त दुसऱ्या पांढरीला 'सा' माना: काफी. तिसरीला मानलं तर भैरवी. चौथीपासून कल्याण, पाचवीपासून खमाज, सहावीपासून आसावरी. एकही पट्टी बदलली नाही, फक्त उभं राहायची जागा बदलली आणि गावच बदललं.

याला मूर्च्छना म्हणतात. हार्पसारख्या वीणेवर ती आपसूक होते, कारण तारा आधीच लावून ठेवलेल्या असतात. बावीस श्रुती दाखवण्यासाठी भरताने सांगितलेला प्रयोगही असाच आहे. दोन वीणा सारख्याच लावायच्या. एक तशीच ठेवायची, ती ध्रुव वीणा. दुसरीच्या तारा पायरीपायरीने उतरवत पहिलीशी ताडून पाहायच्या, ती चल वीणा. प्रत्येक स्वराची तार वेगळी असेल, तरच असं ताडून पाहणं सोपं जातं.

४. वाद्य उठून गेलं, नाव बसून राहिलं

मग ही वीणा गेली कुठे? साधारण सहाव्या-सातव्या शतकापासून शिल्पांत धनुष्याकृती वीणा विरळ होत जाते. तिच्या जागी दांड्याला भोपळा लावलेली, एक-दोन तारांची वीणा दिसू लागते. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात चित्रा-विपंचीची नावं आहेत, पण मानाचं पान एकतंत्रीला आहे. पडदे असलेली किन्नरी वीणाही तिथे भेटते.

कारण संगीताची मागणी बदलली होती. राग गाताना 'सा' एकदा धरला की तो शेवटपर्यंत हलत नाही. तंबोरा त्याची सतत आठवण करून देत राहतो. अशा वेळी उभं राहायची जागा बदलण्याची सोय कुणाला हवी? उलट हवी असते मींड. 'ग'वरून 'रे'वर उतरताना मधली सगळी वाट दिसली पाहिजे. हार्प म्हणजे जिना: या पायरीवर पाय, मग त्या पायरीवर. मींड म्हणजे घसरगुंडी. एकाच तारेवर बोट सरकवता येतं किंवा तार ओढता येते. दोन वेगळ्या तारांमध्ये मात्र नुसती हवा असते.

म्हणून दांड्याच्या वाद्याने बैठक जिंकली, आणि जुन्या वाद्याचं नावही घेतलं. गावातल्या जुन्या वाड्यात नवं कुटुंब राहायला यावं आणि लोकांनी वाड्याला जुन्याच नावाने हाक मारत राहावं, तसं 'वीणा' या शब्दाचं झालं. सरस्वतीच्या हातातली आजची वीणा हे नवं कुटुंब आहे.

जुनं कुटुंब मात्र पूर्ण संपलं नाही. म्यानमारमध्ये 'सौंग' ही होडीच्या आकाराची देखणी हार्प अजून मानाने वाजते. मध्य प्रदेशात गोंडांच्या कथा गाणाऱ्या परधान कलावंतांकडे पाच तारांचा 'बिन-बाजा' राहिला. एका सुराला एक तार ही कल्पनाही आपल्या बैठकीत मागच्या दाराने परत आली. गायकाच्या मांडीवरचं स्वरमंडळ पाहा: ते रागाचे सूर शिंपडतं, पण मुख्य गाणं गळाच करतो. काश्मीरच्या सुफियाना संगीतातलं संतूर शिवकुमार शर्मांनी १९५५ साली मुंबईत रसिकांपुढे आणलं, तेव्हा आक्षेप जुनाच होता: यात मींड कुठे आहे? त्यांनी तारांवर काड्या घसरवत, झंकार लांबवत त्याला उत्तर दिलं.

५. युरोपची अडचण वेगळी होती

युरोपातल्या हार्पला मींड कुणी मागितली नाही. तिथे एकाच वेळी अनेक सूर लावायचे असतात आणि रचना चालू असतानाच 'सा'ची जागा बदलायची असते. पेटीवरचंच उदाहरण घ्या. पांढरी एकच्या 'सा'वर बिलावल चालू आहे आणि मध्येच पांढरी दोनला 'सा' करून पुन्हा बिलावलच वाजवायचा आहे. आता दोन काळ्या पट्ट्या लागणार. पण साध्या हार्पला फक्त पांढऱ्या पट्ट्या असतात! काळ्या आणायच्या कुठून?

सगळ्या काळ्या-पांढऱ्या सुरांना तारा द्याव्यात, तर बोटांना जागा उरत नाही. शिवाय लांबीचा प्रश्न आहेच. मोठ्या हार्पचा पल्ला साडेसहा सप्तकांचा. तारेची जाडी आणि ताण एकच ठेवला, तर दर सप्तकाला लांबी दुप्पट करावी लागेल. सर्वांत आखूड तार ७ सेंटीमीटरची धरली, तर सहा सप्तकं खालची तार साडेचार मीटरच्या जवळ जाते आणि साडेसहावी सहा मीटरच्या पुढे. असली हार्प माडाला टेकवूनच वाजवावी लागली असती. म्हणून खालच्या तारा जाड करतात, त्यांच्यावर धातूचा तारबंध गुंडाळतात आणि वाद्य १.८ मीटरच्या आसपास आवरतं.

काळ्या पट्ट्यांचं उत्तर पायांनी दिलं. १७२० च्या सुमारास बव्हेरियातल्या होखब्रुकर या कारागिराने तळाशी पेडल असलेली हार्प बनवली. पेडल दाबलं की वर मानेजवळ तार किंचित आखूड होई आणि सूर एक पायरी चढे. १८१० साली सेबास्तियाँ एरार या वाद्यकाराने त्यात दुहेरी सोय केली. त्याच्या हार्पमध्ये प्रत्येक तारेजवळ दोन चकत्या आणि चकतीवर दोन खुंट्या. पेडल एक खाच खाली आणलं की पहिली चकती फिरून तारेला चिमटीत धरते. दुसरी खाच आणली की दुसरी चकती.

आपलं गणित आता कामाला येईल. १०० सेंटीमीटरची तार पहिल्या चिमटीने ९४.४ होते, दुसरीने ८९.१. एका तारेचे तीन सूर झाले. पेडल सात, कारण स्वर सात. 'रे'चं पेडल दाबलं की सगळ्या सप्तकांतले 'रे' एकदम हलतात. आजच्या मोठ्या हार्पला ४७ तारा आणि ही सात पेडलं असतात. एवढ्या तारांत वाट चुकू नये म्हणून पांढरी एकच्या सुराच्या तारा लाल आणि पांढरी चारच्या काळ्या किंवा निळ्या ठेवतात.

चकती तारेला धरते आणि आखूड करते. आणि बेंजोची पट्टी? ती तेच करते. 'एका सुराला एक तार' हे तत्त्व सांभाळणाऱ्या वाद्याने 'एका तारेला अनेक सूर' ही शेजाऱ्याची युक्ती गुपचूप उसनी घेतली, आणि त्या उसनवारीवर त्याला दिवाणखान्याचं दार उघडलं.

६. दिवाणखान्यातली मुलगी, बैठकीतला वादक

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या श्रीमंत घरांत हार्पची टूम निघाली. राणी मारी आंत्वानेत स्वतः वाजवत असे. आपल्याकडे एके काळी मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांपुढे पेटी काढली जायची. तिथे हार्प काढत. हाताचा डौल दिसे, पोशाख खुलून दिसे. १७७८ साली मोझार्टने बासरी, हार्प आणि वाद्यवृंदासाठी कॉन्चेर्तो लिहिला, तो बासरी वाजवणाऱ्या एका सरदारासाठी आणि हार्प वाजवणाऱ्या त्याच्या मुलीसाठी.

हौशीपलीकडची बैठक पाहायची, तर लुई श्पोर या जर्मन व्हायोलिनवादकाच्या घरात डोकवावं लागतं. त्याची बायको डोरेटे उत्तम हार्पवादक. १८०६ साली लग्न झालं आणि त्याने दोघांसाठी सोनाटा, म्हणजे मोजक्या वाद्यांसाठीच्या रचना, लिहिल्या. अडचण अशी, की व्हायोलिनला काही पट्ट्या सोयीच्या, हार्पला दुसऱ्याच. शिवाय ताणामुळे हार्पच्या तारा तुटत. श्पोरने हार्प सरळ अर्धा स्वर खाली लावली. ताण कमी झाला, तारा टिकल्या. कागदावर दोघांच्या पट्ट्या वेगळ्या, कानाला एकच. 'आज अर्धा सूर उतरवू या' असं गायक आणि साथीदार बैठकीआधी ठरवतात, त्यातलाच हा समजूतदारपणा. पुढे एरारची नवी, जास्त ताणाची हार्प आली. ती डोरेटेच्या प्रकृतीला झेपली नाही आणि ती पियानोकडे वळली.

एका घरातली ही गोष्ट एकोणिसाव्या शतकात घरोघरी घडली. पियानोला काळ्या-पांढऱ्या पट्ट्या तयार, आवाज मोठा. दिवाणखाना त्याने घेतला. हार्प मोठ्या वाद्यवृंदात गेली आणि तिथे बहुतेक वेळा चांदणं शिंपडण्याचं काम करत राहिली.

७. दोन कारखान्यांचं भांडण आणि एका आजारी माणसाचं उत्तर

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्प खोलीत परतली ती एका धंद्याच्या चुरशीमुळे. पॅरिसच्या प्लेयेल कारखान्याने पेडलच काढून टाकली आणि काळ्या-पांढऱ्या सगळ्या सुरांना तारा देणारी, एकमेकींना छेद देणाऱ्या दोन रांगांची हार्प बाजारात आणली. तिची ऐट दाखवण्यासाठी त्यांनी संगीतकार क्लोद दब्युसीकडून १९०४ साली हार्प आणि तंतुवाद्यांसाठी दोन नृत्यं लिहून घेतली. एरारच्या कारखान्याने उत्तर म्हणून मोरिस रावेल या संगीतकाराला गाठलं. १९०५ साली त्याने हार्प, बासरी, क्लॅरिनेट आणि चार तंतुवाद्यं अशा सात जणांसाठी 'इंत्रोद्युक्सियाँ ए आलेग्रो' लिहिलं. बाजारात शेवटी पेडलची हार्प जिंकली. संगीताला मात्र दोन्ही रचना मिळाल्या.

खरं उत्तर १९१५ साली आलं. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि दब्युसीला कर्करोगाने गाठलं होतं. त्याने सहा सोनाटांचा बेत केला, तीनच पुरे झाले. त्यांतला दुसरा आहे बासरी, व्हिओला आणि हार्पसाठी. व्हिओला म्हणजे व्हायोलिनची थोडी मोठी, खालच्या आवाजाची बहीण. या तीन वाद्यांचा मेळ पुढे इतका रुजला, की आज हार्पची बैठक म्हटली की पहिल्यांदा तोच आठवतो.

हा मेळ जुळतो कशामुळे? तार छेडली की सूर जन्मतो आणि त्याच क्षणी विझायला लागतो. पियानोशी स्पर्धा करताना हेच हार्पचं दुखणं होतं. दब्युसीने ते झाकलं नाही. शेजारी दोन सोबती बसवले. बासरीत फुंक असेतो सूर राहतो, व्हिओलावर गज फिरेतो. म्हणजे हार्पने सुराला तोंड फोडायचं आणि बाकी दोघांनी तो उचलून पुढे न्यायचा. मोठ्या सभागृहात, चाळीस व्हायोलिनांच्या आवाजात, हे विझणं ऐकूच येत नाही. ते ऐकायला खोली लागते.

८. ऐकून पाहण्यासाठी

आता दब्युसीचा तो सोनाटा मिळवा आणि रात्री, पंखा बंद करून, लावा. सुरुवात हार्पच करते. तिचा सूर कुठे संपला हे शोधायचा प्रयत्न करा. बहुतेक वेळा तो सापडत नाही, कारण तेवढ्यात दुसऱ्या कुणीतरी तो हातात घेतलेला असतो.

मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी घाट चढून भाज्याला जा. हत्तीच्या पायांशी बसलेली वादक शोधा, कमानीवरच्या तिच्या तारा पाहा. तिच्या वीणेचाही सूर असाच लवकर विझत असणार. पण शिल्पकाराने तिलाही एकटं बसवलेलं नाही. शेजारी पाऊल उचललेली नर्तकी आहे.